डाव माझा, निवाडा यंत्राचा

हौशी : सर, आधी मी काय केलंय ते सांगतो, मग तुमच्या शंका काढा. रात्री जेवणं आटोपली की मी लिचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळाचे दहा-दहा मिनिटांचे डाव खेळतो. डाव संपला की तो संगणकाकडून तपासून घ्यायची सोय तिथंच आहे. पण व्हायचं काय? आलेख उघडायचा, कुठं कोसळला ते बघायचं, ‘अरेरे, घोडा फुकट गेला’ म्हणून हळहळायचं आणि लगेच पुढचा डाव लावायचा. महिन्यानं विचारलंत तर एकही चूक आठवायची नाही. म्हणून पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो माझे नवे डाव पीजीएन फाईलमध्ये, म्हणजे खेळ्यांच्या नोंदीत, उतरवून घेतो, प्रत्येक खेळीच्या आधीची आणि नंतरची स्थिती स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनपुढं ठेवतो, दोन्ही आकड्यांतला फरक काढतो आणि जिथं फरक मोठा तेवढ्या स्थिती वेगळ्या काढून ठेवतो. चाळीस खेळ्यांचा डाव म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून ऐंशी स्थिती. एकीला एक सेकंद दिला तर डावाला सव्वा-दीड मिनिट. दोनशे डाव साडेचार तासांत. झोपताना लावायचं, सकाळी उठून बघायचं. पैसा एक नाही. स्टॉकफिश २००८ पासून जगभरचे लोक मिळून घडवतायत, ते फुकट. लिचेस देणग्यांवर चालतं, ते फुकट. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारं डीप ब्लू हे यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचं, ते कपाटाएवढं अवाढव्य होतं. आज माझ्या खिशातला मोबाइल त्याला हरवील. ही ताकद जालन्यात बसून वापरायची नाही, तर कुठं बसून वापरायची?

शंकेखोर : ताकदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळी उठून तू काय बघतोस, तिथं माझी शंका आहे. आपल्याकडं माती परीक्षणाचे अहवाल येतात. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सामू किती, सगळं छापील. तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत जातो आणि शेतकरी मागच्या वर्षी टाकलं तेच खत टाकतो. अहवाल खोटा नसतो. पण शेतात काय करायचं ते अहवाल येऊन ठरत नाही, कोणीतरी तो वाचून बांधावर उभं राहावं लागतं. तुझे दोनशे डाव रात्रीतून तपासून झाले. तुझ्या डोक्यात त्यातला एक तरी उतरला का? आधी तू हातानं एखादा डाव उघडून निदान हळहळत होतास. आता तेवढंही यंत्रावर सोपवलंस. आणि तू मोठा माणूस आहेस, तुझं तू बघशील. माझी चिंता रविवारी माझ्याकडं बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या लेकरांची आहे. अंबडहून, बदनापूरहून एसटीनं येतात. त्यांना तुझ्या प्रोग्रॅमचा वास लागलाय. ‘सर, माझी अचूकता ९१ टक्के,’ म्हणून परवा एकानं मला मोबाइल दाखवला. डाव बघितला तर समोरच्यानं दहाव्या खेळीला वजीर घालवलेला. पुढं ९१ टक्के यायला काय लागतं?

हौशी : अचूकतेचा तो टक्का मीही वापरत नाही, तो शोभेचा आहे. पण वाचत नाहीत म्हणून तपासूच नये, हे मला पटत नाही. आता तुम्ही गुकेशचं नाव काढणार, मला माहीत आहे.

शंकेखोर : काढणारच. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला पोरगा. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला मानांकन २५०० च्या आसपास जाईपर्यंत इंजिनला हात लावू दिला नव्हता. स्वतः मोजायचं, स्वतः चुकायचं, स्वतः शोधायचं. बारा वर्षं सात महिन्यांचा असताना तो ग्रँडमास्टर झाला, तो असा. त्याच्या आधीचा सगळा इतिहासही तेच सांगतो. जुने जगज्जेते बोत्विनिक सांगायचे, आपले डाव आपण टिपांसह लिहून काढा आणि छापा, म्हणजे लोक तुमच्या चुका तुम्हाला दाखवतील. आधी आपलं म्हणणं मांडायचं, मग टीका ऐकायची. आपले प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, महाराष्ट्रातले पहिले; म्हणजे डीप ब्लू जिंकलं त्याच वर्षी. त्यांची सगळी घडण त्याच्या आधीची. पट मांडून, समोर माणूस बसवून, रात्र रात्र वाद घालून झालेली.

हौशी : सर, गुकेशला इंजिन नव्हतं, पण विष्णू प्रसन्ना होते. तुम्ही अर्धंच उदाहरण घेताय. ग्रँडमास्टर रोज शेजारी बसून ‘ही चाल का केलीस?’ विचारणार असेल तर मीही उद्या स्टॉकफिश काढून टाकतो. महाराष्ट्राची नावं घ्या. दिव्या देशमुख नागपूरची. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि तिथंच ग्रँडमास्टर झाली. विदित गुजराथी नाशिकचा, अभिजित कुंटे पुण्याचे. २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताला खुल्या आणि महिला गटातली दोन्ही सुवर्णपदकं आली तेव्हा हे तिघंही तिथं होते, कुंटे महिला संघाचे कर्णधार म्हणून. तिन्ही शहरांत स्पर्धा आहेत, शिकवणारे आहेत, हरवणारे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या पोराला काय आहे? तालुक्याची शालेय स्पर्धा, जिल्ह्याची शालेय स्पर्धा आणि फार तर जालन्याहून साठ किलोमीटरवर संभाजीनगरला एखादी मानांकन स्पर्धा. तो हरला तर का हरला हे सांगणारा त्याला घरी परतेपर्यंत भेटत नाही. ज्याला गुरू आहे त्यानं इंजिन टाळणं हा संयम झाला. ज्याला गुरूच नाही त्याला इंजिन टाळायला सांगणं म्हणजे त्याला अंधारात बसवणं.

(गुकेशचं उदाहरण असं दोन्हीकडून ओढता येतं, यातच त्याचं मोल आहे असं मला वाटतं. ते इंजिनविरुद्धचं उदाहरण म्हणून फार सांगितलं जातं. प्रशिक्षकाच्या बाजूचं म्हणून फारसं नाही.)

शंकेखोर : हे मान्य. अंधार आहे, तू म्हणतोस तसा. पण मग उजेड कसला पडतो तेही बघू. तुझा प्रोग्रॅम म्हणतो ‘फरक मोठा असेल तर चूक’. मोठा म्हणजे किती? हे कोणी ठरवलं?

हौशी : मी पहिल्यांदा प्याद्यात मोजलं. स्टॉकफिश प्याद्याच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा देतं. म्हटलं, दीड प्याद्याहून जास्त नुकसान झालं की घोडचूक. ते फसलं. एका डावात मी नऊ प्यादी पुढं होतो, सोपी चाल करून सहावर आलो. प्रोग्रॅमनं लाल खूण केली. पण नऊ काय, सहा काय, डाव जिंकलेलाच. उलट बरोबरीतल्या स्थितीतून दीडनं मागं पडणं म्हणजे खरा घात. म्हणून आता लिचेससारखंच, प्याद्याचा आकडा जिंकण्याच्या शक्यतेत बदलून घेतो. त्यांच्या सूत्रानं एक प्यादं पुढं म्हणजे साधारण ५९ टक्के. नऊवरून सहावर येणं म्हणजे ९६ वरून ९० वर. शून्यावरून वजा दीडवर जाणं म्हणजे ५० वरून ३६-३७ वर. आता खुणा बऱ्याच शहाण्या पडतात.

शंकेखोर : हे ५९ टक्के कोणाचे?

हौशी : म्हणजे?

शंकेखोर : एक प्यादं पुढं असलेला माणूस शंभरात ५९ गुण घेतो, हे कोणाचे डाव बघून ठरलं?

हौशी : ते… २३०० च्या आसपास मानांकन असलेल्या ऑनलाइन खेळाडूंचे डाव बघून.

शंकेखोर : झालं तर. माझ्या अंबडच्या पोरीला प्यादं जास्त मिळालं तर ती जिंकण्याची शक्यता ५९ टक्के नाही. पुढच्या दहा खेळ्यांत ती आणि समोरची दोघीही एकेक घोडा घालवणार आहेत. तिच्या पातळीवर प्याद्याला फार किंमत नाही, आणि राजाभोवतीच्या एका उघड्या रेषेला खूप किंमत आहे. दुसरं बघ. तुझं इंजिन कधी कधी शून्य देतं, म्हणजे बरोबरी. पण ती बरोबरी राखायला एका बाजूला ओळीनं आठ वेळा एकुलती एक बरोबर चाल शोधावी लागते आणि दुसऱ्या बाजूनं काहीही खेळलं तरी चालतं. इंजिनला दोन्ही बाजू सारख्याच, कारण त्याला आठही चाली दिसतात. माणसाच्या पटावर ती स्थिती एकाच्या मरणाची असते. प्रोग्रॅम म्हणतो, इथं काही चुकलं नाही. चूक आठ खेळ्यांनंतर, शून्यावरून कोसळलं तिथं. माझ्या मते चूक तिथं झाली जिथं त्या पोरानं असल्या अरुंद वाटेत पाय घातला.

हौशी : हे मला सुचलं नव्हतं. सूत्रातला आकडा बदलता येईल. माझेच डाव घेऊन माझ्या पातळीची शक्यता काढता येईल. अरुंद वाटेचंही जमेल. इंजिनला एकाऐवजी पहिल्या तीन चाली विचारायच्या. पहिली शून्य आणि दुसरी वजा चार असेल तर ती जागा अरुंद, अशी खूण करायची. पण सर, तुमचा हा आक्षेप यंत्रावर नाहीच, माझ्या प्रोग्रॅमवर आहे. तो सुधारतो.

शंकेखोर : मग आता यंत्रावरचा आक्षेप ऐक. तो सुधारून जायचा नाही. मागच्या महिन्यात मी लेकरांना एक स्थिती दिली. पांढरा राजा डी-४, पांढरं प्यादं ई-२. काळा राजा डी-६. बाकी पट मोकळा, चाल पांढऱ्याची.

(पट जवळ असेल तर वाचकांनी ही स्थिती मांडून बघावी. दोन राजे आणि एक प्यादं, एवढंच लागतं.)

एकानं प्यादं दोन घरं ढकललं, ई-४. काळा राजा ई-६ वर येऊन उभा राहिला आणि डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यानं एकच घर ढकललं, ई-३. तो जिंकला. तुझ्या प्रोग्रॅमला विचार : पहिल्याची घोडचूक, दुसऱ्याचं शाबास. मी दोघांनाही विचारलं, का? पहिला म्हणाला, ‘सर, प्यादं लवकर पुढं न्यायचं, वजीर करायचा.’ दुसरा म्हणाला, ‘सर, भीती वाटली. म्हणून एकच घर.’

हौशी : खरं कारण एकच : दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर सोडून उभे, आता ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. ई-३ खेळलं की चाल काळ्यावर जाते, काळा राजा हटतो, पांढरा राजा प्याद्यापुढं घुसतो.

शंकेखोर : बरोबर. राखून ठेवलेली ती एक खेळी, समोरच्यावर पाळी ढकलायला. हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. पण तुझ्या यादीत पहिल्याचं नाव आलं, दुसऱ्याचं आलं नाही. तो उद्या हीच भीती घेऊन जिथं दोन घरं ढकलायला हवीत तिथं एकच ढकलणार आहे. आणि मला विचारशील तर त्या दिवशी पहिला पोरगा जास्त शिकण्याच्या लायक होता. त्याच्याजवळ निदान एक विचार होता. चुकीचा का असेना, पण तो खोडता येतो. तुझं यंत्र चाल तपासतं. चालीमागचं कारण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बरोबर चाल आणि चुकीचं कारण, हा आजार त्याच्या नजरेत निरोगी आहे.

हौशी : हे जबरदस्त आहे, मान्य. पण याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या पोराला तुम्ही नसतात तर काय वाटलं असतं? दोन राजे आणि एक प्यादं, बरोबरीच होणार. त्यानं घरी जाऊन सांगितलं असतं, ‘बरोबरी झाली.’ आपण जिंकलेला डाव सोडला हेच त्याला कळलं नसतं. इंजिन कारण सांगत नाही, पण ‘इथं काहीतरी होतं’ हे सांगतं. आणि मोठ्यांनाही ते लागतं. २००६ मध्ये बॉनला क्रामनिक, त्या वेळचा जगज्जेता, डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रॅमविरुद्ध खेळताना वजीर ई-३ वर ठेवून बसला आणि एका खेळीत मात झाला. इंजिन त्यावर फक्त ‘एका खेळीत मात’ एवढंच म्हणेल. पांढरा घोडा एफ-८ वर असताना एच-७ वरची मात माणसाच्या नजरेत भरत नाही, कारण घोडा तिथं सहसा नसतोच. हे माणसांनी नंतर शोधलं. शोधलं, पण कुठं शोधायचं ते ठरलं म्हणून. माझंही तेच म्हणणं आहे. यंत्रानं जागा दाखवावी, कारण मी शोधीन.

शंकेखोर : आणि शोधतोस?

हौशी : एक शोधलंय. पीजीएनमध्ये प्रत्येक खेळीबरोबर घड्याळात उरलेली वेळही नोंदलेली असते. मला खात्री होती की माझ्या चुका शेवटच्या मिनिटात, घाईत होतात. मी सगळ्यांना तेच सांगायचो. प्रोग्रॅमला म्हटलं, मोठ्या चुका आणि उरलेली वेळ शेजारी शेजारी मांड. निघालं उलटंच. माझ्या बहुतेक घोडचुका पाच मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक असताना झालेल्या. तेवढंच नाही, त्या खेळ्यांना मी दोन-तीन सेकंदच दिलेले. मग ते डाव उघडून बसलो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच्या एक-दोन खेळ्या आधी मी काहीतरी जिंकलेलं होतं. प्यादं, एखाद वेळी उंट. माल हातात आला की मी विचार करायचं थांबवतो, सर. हे मला माझ्या एका डावात कधी दिसलं नसतं. आणि खरं सांगा, शेजारी बसून तुम्हाला तरी दिसलं असतं का?

शंकेखोर : नसतं. मला प्रत्येक डाव वेगळा दिसतो. शंभर डाव एकावर एक ठेवून बघणं माझ्याच्यानं होत नाही. हे तुझं यंत्र खरंच चांगलं करतं, आणि हे मी वरवर म्हणत नाही. पण बघ, यात इंजिनचं काम किती? चूक कुठं, एवढंच. घड्याळ शेजारी मांडायचं तुझ्या डोक्यात आलं, कारण तुझ्याजवळ आधीच एक समजूत होती : मी घाईत चुकतो. ती खोटी निघाली म्हणून तुला काही सापडलं. समजूतच नसती तर? लेकरांजवळ ती नसते. त्यांच्या हातात तू नुसती यादी दिलीस तर ते यादीच बघत बसतील.

हौशी : म्हणून यादी उघडण्याआधी त्यांच्याकडून समजूत लिहून घ्यायची! हे प्रोग्रॅममध्ये बसवता येतं. डाव झाला की तो आधी विचारील : तुला कुठं वाटतं डाव फिरला? दोन जागा सांग, कारण लिही. ते लिहिल्याशिवाय इंजिनची फाईल उघडणार नाही. तुमचे बोत्विनिक तेच सांगत होते ना, आधी आपलं म्हणणं मांडा.

शंकेखोर : हे बरं आहे. मग मी आणखी एक मागतो. नुसत्या चुकांच्या जागी थांबू नको. जिथं चाल बरोबर आहे अशाही दोन जागी थांब आणि विचार, का? ई-३ वाला पोरगा तिथंच सापडेल.

हौशी : होईल. यदृच्छेनं दोन बरोबर खेळ्या निवडायच्या. किंवा त्याहून चांगलं, अरुंद जागेतल्या बरोबर खेळ्या निवडायच्या. जिथं एकच चाल बरोबर होती आणि ती त्यानं केली. तिथं कारण माहीत असणं महत्त्वाचं.

शंकेखोर : आणि उत्तरं कोण वाचणार?

हौशी : …तेच अवघड आहे. हल्ली बोलणारी एआय आहे, तिला देता येतील.

शंकेखोर : तिनं एकदा माझ्याशी खेळताना हत्ती प्याद्यावरून उडवून पलीकडं नेला आणि वर शुद्ध मराठीत त्याचं समर्थनही केलं. तिच्या कारणांवर लेकरं विश्वास ठेवतील, कारण ती छान बोलते. स्टॉकफिश बोलत नाही हा त्याचा गुणच समज.

हौशी : मग तुम्हीच वाचायची. पण वीस लेकरं, प्रत्येकाचे आठवड्याचे पाच-सहा डाव, प्रत्येक डावात चार उत्तरं. तुमचा रविवार पुरायचा नाही. एका लेकराचं एक उत्तर वाचाल, फार तर दोन. कोणतं वाचायचं ते प्रोग्रॅम निवडून देईल.

शंकेखोर : इथं आपला खरा वाद आहे बघ. चूक शोधणं यंत्राला दिलं, मला हरकत नाही. जुळवाजुळव, घड्याळ, शंभर डाव, सगळं दिलं. पण वीस लेकरांतून आज कोणाला काय विचारायचं, हे निवडणं म्हणजेच शिकवणं. माझ्याजवळ आणखी काही आहे असं मी म्हणतच नाही. एखादं लेकरू हरून आलेलं असतं, त्याला त्या दिवशी त्याची चांगली चाल विचारायची. एखादा चार डाव जिंकून फुगलेला असतो, त्याला त्याच्या जिंकलेल्या डावातलीच भोकं दाखवायची. तुझा प्रोग्रॅम सगळ्यात मोठा फरक निवडील, कारण त्याला फरकच कळतो.

हौशी : आणि तुम्ही तुमच्या आवडीचं निवडाल, सर. राग मानू नका. तुम्हाला शेवटाचा डाव आवडतो. लेकरं सुरुवातीच्या बारा खेळ्यांतच मार खातात, हे त्यांच्या डावांच्या माझ्या यादीत लख्ख दिसतं, आणि तुम्ही रविवारी राजा-प्याद्याचे शेवट घेऊन बसता. दोन राजे उरेपर्यंत डाव टिकला तर ना! तुमची निवडही कुठून तरी आलेली आहे. माझी ज्या कोष्टकातून आली ते निदान उघडून दाखवता येतं.

शंकेखोर : लागलं, पण बोललास ते खोटं नाही. तरी एक विचारतो. शालेय स्पर्धेतले डाव तुझ्या यादीत आहेत का?

हौशी : नाहीत. तालुक्याला बहुतेक लेकरं डाव लिहीतच नाहीत. लिहिला तरी अर्ध्यात सोडतात, घोडा कुठल्या घरातून आला ते लिहीत नाहीत. टंकायला बसलं की विसाव्या खेळीपुढं पट जुळत नाही.

शंकेखोर : म्हणजे तुझी यादी मोबाइलवरच्या डावांची. रात्री अंथरुणात पडून, दहा मिनिटांचे, हरलं की लगेच पुढचा. बारा खेळ्यांत मार खाणारं लेकरू ते आहे. तेच लेकरू स्पर्धेत पटासमोर बसतं तेव्हा ताठ बसतं, हात आखडून घेतं, आणि डाव शेवटापर्यंत जातो. मी त्या लेकराला शिकवतो. तू दुसऱ्याच लेकराची तपासणी करून मला त्याचा निकाल दाखवतोयस.

हौशी : आणि दोन्ही एकच लेकरू आहे, सर. पण ठीक. हे मोजून बघता येईल. पटावरचे डाव लिहायला लावू या. एका बाजूला पटावरचे, एका बाजूला मोबाइलवरचे. चुका त्याच आहेत की वेगळ्या, ते दिसेल.

शंकेखोर : मोज. पण माझ्याकडं फाईल आणशील ती छापून आण, आणि इंजिनचा एकही आकडा, एकही खूण नको. नुसत्या खेळ्या. हां, घड्याळाच्या वेळा राहू दे. त्या मला बघायच्यात. प्रत्येक लेकराची एक जागा मी निवडीन, तू तुझ्या प्रोग्रॅमकडून एक निवडून घे, आणि दोघांनीही आधी एकमेकांना दाखवायची नाही. किती जुळतात ते बघू.

हौशी : आणि जिथं जुळणार नाहीत?

शंकेखोर : तिथं लेकराला दोन्ही विचारू. मोबाइलवरचे डाव मात्र दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचेच घे. सुट्टीत लेकरं मामाच्या गावाला जातात, आणि मग त्या खात्यावरून लेकरू खेळतंय की मामा, ते तुझ्या स्टॉकफिशलाही सांगता येत नाही.